विजूचे शब्द आणि कापडावरची जनावरं

विजूच्या आजाराबद्दल आजवर मी तोंडानेच सांगत आले. कोणी बाई आपलं लेकरू घेऊन इंदूरला रामबागेत आमच्या घरी येते, ओट्यावर टेकते आणि विचारते, "तुमच्या मुलीला ऐकू येत नाही, तरी ती बोलते म्हणे. कसं जमवलंत?" मी सांगायला लागते आणि मध्येच उठते. पाणी आणते, गॅलरीतले कपडे उलटवून येते, परत बसते तोवर निम्मं विसरलेलं असतं. एका जागी बसून ते दिवस सांगणं मला अजून जमत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. औषधांचं यात काही नाही, ते डॉक्टरांना विचारा. आमच्यावर काय गुजरलं आणि मी कुठे चुकले, एवढंच मला माहीत आहे.

*

तेव्हा मध्यभारत राज्य होतं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. माझे यजमान सचिवालयात कारकून, त्यामुळे थंडी सुरू होण्याआधी फाइलींच्या पेट्यांबरोबर तेही ग्वाल्हेरला जायचे. घरी आम्ही तिघी. मी, माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणायचे, आणि साडेतीन वर्षांची विजू.

विजू अखंड बोलायची. निम्मं मराठी, निम्मं गल्लीतलं. "आई, कुत्ता माझी रोटी घेऊन भागला," असं सांगत धावत यायची. माई म्हणायच्या, "अगं, कुत्रा म्हण, पोळी म्हण." ती म्हणायची, "तो कुत्ताच होता."

हे गेले आणि आठवड्याभरात तिला ताप आला. पंधरा दिवस उतरेना. आधी मलेरिया वाटला, मग टायफॉइड. ती चिडचिडी झाली, उजेड नको म्हणायची, खाल्लेलं उलटून टाकायची. सोळाव्या दिवशी दूध पाजायला मांडीवर घेतली तर तिची मान पुढे वाकेना. तशीच टांग्यात घालून आम्ही तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"घरातलं कोणी पुरुष माणूस?"

"ते ग्वाल्हेरला आहेत. माझ्याशी बोला."

ते माझ्याकडे वळले. "मेंदूच्या आवरणाला क्षय झालाय. पाच-सात वर्षांपूर्वी आला असतात तर माझ्या हातात काही नव्हतं. आता नवं इंजेक्शन आलंय. रोज द्यावं लागेल, कित्येक महिने. काही वेळा पाठीच्या कण्यातूनही. मुलगी वाचण्याची आशा आहे. याहून जास्त आज सांगत नाही."

माईंनी माझा दंड घट्ट धरला. मी विजूच्या फ्रॉकची गुंडी लावत होते. गुंडी लागलेलीच होती. मी ती काढली आणि पुन्हा लावली. किती वेळा, कोण जाणे.

विजूला भरती करून, सामान आणायला पायऱ्या उतरताना माई म्हणाल्या, "गल्लीत कोणाला क्षय म्हणून सांगू नकोस. टायफॉइड म्हण. लोक पाणी प्यायला यायचे नाहीत." मला इतका राग आला की मी भराभर उतरून पुढे निघाले. संध्याकाळी त्यांनी खजराण्याच्या गणपतीला नवस बोलला, पोर उठून बसली की पायी येईन. पुढचे बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतंच चाललं.

*

दवाखान्यातला दिवस फिनेलच्या वासाने उजाडायचा. आधी फरशी पुसणारी बाई, मग सिस्टर थर्मामीटर घेऊन, मग डॉक्टरांची फेरी, मग सुई. पाठीतून पाणी काढायच्या दिवशी मला बाहेर घालवत. बाहेर लांब व्हरांडा होता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. विजू आधी "आई" म्हणून ओरडायची, मग हिंदीत सिस्टरला विनवायची, "बस करो, बस करो." मी चालायची थांबले की तिचा आवाज जास्त स्पष्ट यायचा. म्हणून थांबायची नाही.

माई रोज दुपारी डबा घेऊन येत. मला जेवायला बसवत आणि स्वतः विजूचे पाय चेपत. हे तार मिळताच आले, आठ दिवस राहिले, रजा संपली तसे गेले. जाताना म्हणाले, "तू जरा बस गं. सारखी उभी असतेस." मला बसलं की वाटायचं, मी बसले आणि तेवढ्यात काहीतरी झालं.

शेजारच्या खाटेवर कमला नावाची आठ वर्षांची मुलगी होती, मांडीचं हाड मोडलेली. तिची आई रामकुंवर गिरणीवस्तीतली, माळवी बोलणारी. तिचा नवरा मिलमध्ये कापडाच्या थानांवर छाप चिकटवण्याच्या कामावर होता. थान म्हणजे कापडाचा तागा. प्रत्येक ताग्यावर एक रंगीत कागदी चित्र लावत, गिऱ्हाइकाला ओळखायला सोपं म्हणून. वाघ, हत्ती, मोर, हरीण, पोपट, ससा, घोडा. छपाईत जरा सरकलेले छाप तो कमलासाठी घरी आणायचा.

दोन महिन्यांनी विजूचा ताप उतरला. ती उशीला टेकून बसायला लागली, पण नुसती समोर बघायची. रामकुंवरने दहा-बारा छाप माझ्या हातात ठेवले.

"छोरी के हाथ में कईं दो, बाई. खाली पड़ी-पड़ी घबरावे." नुसती पडून पोर घाबरते, हातात काहीतरी द्या, असं तिचं म्हणणं.

प्रत्येक चित्राच्या दोन-दोन प्रती होत्या. मी सहा चित्रं चादरीवर मांडली आणि त्यांतल्या वाघाची दुसरी प्रत हातात धरली. विजूने बराच वेळ पाहिलं. मग तिचं बोट वाघावर गेलं. मी वाघावर वाघ ठेवला. तिने मान हलवली. त्या दिवशी तिने सहा जोड्या लावल्या आणि नंतर वाटीभर लापशी खाल्ली. आजारपणात एवढ्याशा गोष्टीने माणूस किती सुखावतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

*

कळलं तेही त्या छापांमुळेच.

ती आता झटपट जोड्या लावायला लागली होती. एके दिवशी सकाळी मी गंमत म्हणून हातात चित्र न घेता म्हटलं, "विजू, मोर दे." ती माझ्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिली. मी मोराचं चित्र दाखवलं. लगेच मोर दिला. मी हात पाठीमागे घेतले. "हत्ती दे." काही नाही. "विजू, हत्ती कुठाय?" ती चादरीचा दोरा ओढत बसली.

रुसली असेल, असं मी म्हटलं. खरं तर पंधरा-वीस दिवस मी हेच म्हणत होते.

रामकुंवर आपल्या खाटेवरून बघत होती. ती उठली, विजूच्या मागे गेली आणि पितळेचा पेला तिने उंचावरून फरशीवर सोडला. सगळा वॉर्ड दचकला. कमला ओरडली, पलीकडचं तान्हं रडायला लागलं. विजू दोराच ओढत होती.

रामकुंवरने पेला उचलला, पदराने पुसला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

डॉक्टरांना मी व्हरांड्यातच गाठलं. ते म्हणाले, "रोगाने झालं की औषधाने, सांगता येणार नाही. पण औषध थांबवलं तर ती राहणार नाही."

"कान परत येतील?"

"नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. इतक्या लहानपणी ऐकणं गेलं की शिकलेलं बोलणंही हळूहळू जातं. वर्षभरात पुष्कळसं जाईल."

"जाऊ द्यायचं नसेल तर काय करायचं?"

"ते मला येत नाही, बाई," ते म्हणाले. त्यांनी खरं सांगितलं, म्हणून मला त्यांचा राग कधी आला नाही.

माईंना सांगितलं तेव्हा त्या विजूकडे पाहून म्हणाल्या, "पण बोलते तर आहे." त्याच वेळी विजू पाणी मागत होती. "पाणी"तला "णी" अर्धाच उमटला होता. माईंना ते कळलं नाही. मला कळलं.

*

कोणीतरी सांगितलं की तुकोगंजात सुमतीबाई म्हणून आहेत, घराच्या व्हरांड्यात लहान मुलांचा वर्ग चालवतात, चित्रांवरून बोलायला शिकवतात. माईंना विजूपाशी बसवून मी गेले. टांग्यासाठी थांबणं होईना, चालतच गेले.

सुमतीबाई पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज करडा. चटईवर आठ-दहा मुलं आणि मध्ये पुठ्ठ्यांवर चिकटवलेली जनावरं. मुलं जोड्या लावत होती. पण चित्र नुसतं हातात मिळत नव्हतं. एक मुलगी गाईकडे बोट दाखवून उभी होती आणि बाई चित्र छातीशी धरून विचारत होत्या, "काय पाहिजे? कशाला पाहिजे?" ती म्हणाली, "गाय पाहिजे. वासराजवळ ठेवायला." तेव्हा गाय मिळाली.

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, ऐकू न येणाऱ्या मुलांचं मला काही ज्ञान नाही. माझी पोरं ऐकतात. पण एवढं सांगते, तुम्ही नुसत्या जोड्या लावून घेत असाल तर तो डोळ्यांचा खेळ झाला, जिभेला त्यात काम नाही. तिला बोलावं लागेल असं काहीतरी करा."

"कसं?"

"आधी सारख्यावर सारखं, वाघावर वाघ. मग गाय आणि वासरू. मग पोपट आणि झाड, घोडा आणि गवत. नुसती नावं घोटू नका. वाघ काय करतो, घोडा कुठे जातो, हे विचारा. आणि तुमच्या तोंडावर उजेड पडेल अशा बसा. तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत."

निघताना त्यांनी कोरे पुठ्ठे आणि वासरू, मासा, घरटं अशी काही चित्रं दिली आणि म्हणाल्या, "आणि बाई, जरा हळू. तुम्ही फार घाईत दिसता."

*

होळीच्या सुमारास विजूला घरी आणलं. तिला चालताना तोल सांभाळावा लागायचा, हाताला धरूनच हिंडायची. मी छाप पुठ्ठ्यांवर चिकटवले आणि खिडकीजवळ चटई टाकली. एका वहीत तिला येणारे सगळे शब्द लिहून काढले. गेलेल्या शब्दाखाली रेघ मारायची.

"स" सगळ्यात आधी गेला. ससा "अआ" झाला. मी तिचा तळवा माझ्या तोंडासमोर धरायची, "स" म्हटल्यावर वारा लागतो तो दाखवायला. मग "घोडा"तला "ड" गेला. "हरीण" एका आठवड्यात पूर्ण गेलं, जणू तिला कधी येतच नव्हतं.

उन्हाळ्यात सरकारबरोबर हे परत आले. ते तिला मोठमोठ्याने हाका मारत आणि मग शरमून गप्प होत. एका संध्याकाळी म्हणाले, "मुंबईला अशा मुलांची शाळा आहे. तिथेच राहायचं असतं. मी पत्र टाकलंय."

"चार वर्षांची पोर मुंबईला ठेवायची?"

"त्यांना शिकवता येतं. आपल्याला काय येतं? तुझी वही बघितली मी. नुसत्या रेघा आहेत."

मी वही उचलून आत नेली. मग शाळेचं उत्तर आलं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आणा, सोबत अर्जाचा नमुना. म्हणजे माझ्या हातात वर्षभरही नव्हतं.

इथे मी चुकले, आणि हेच सांगण्यासाठी मुख्यतः लिहिते आहे. मी तिच्या मागे लागले. सकाळी उठल्याबरोबर पुठ्ठे, जेवताना पुठ्ठे, अंघोळीच्या पाटावरही "वाघ म्हण, घोडा म्हण." चुकली की पुन्हा. दहादा, वीसदा. तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे फिरवायची. ती डोळे मिटून घ्यायला लागली. ऐकू न येणाऱ्या मुलाने डोळे मिटले की आपण दाराबाहेर उभे राहतो. मला ते सहन व्हायचं नाही.

एका दुपारी तिने सगळे पुठ्ठे उचलले आणि मोरीतल्या पाण्याच्या बादलीत टाकले. मी धावत गेले तोवर वाघाचा रंग पाण्यात उतरला होता. मी तिला मारलं. पाठीवर, जिथे सुया टोचलेल्या होत्या तिथे. ती रडली, पण आवाज न करता. ते बघून मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा काही न करता बसले असेन.

माई आल्या. त्यांनी विजूला उचललं. पुठ्ठे काढून उन्हात वाळत घातले.

*

चार दिवस मी खेळाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून पाहते तर माई खिडकीशी चटईवर, समोर विजू आणि मध्ये वाळून वाकडे झालेले पुठ्ठे.

माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधीच रंग उडालेली चित्रं, त्यांना धड काही दिसत नव्हतं. त्यांनी एक पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि घोड्याच्या चित्रावर मोर ठेवला. विजूने मोर काढून बाजूला ठेवला. माईंनी चाचपून आणखी एक उचलला आणि पोपट ठेवला. विजूने तोही काढला. तिसऱ्यांदा त्यांनी पुन्हा मोरच ठेवला आणि समाधानाने मान डोलावली.

विजू उठून उभी राहिली. तिने माईंचे दोन्ही गाल धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं. अगदी माझ्यासारखं.

"आजी, नाही. मोर नाही. घोडा दे. घोडा."

"ड" नीट होता. माझ्या हातातून कणीक खाली पडली.

माईंना वाटलं आपण काहीतरी बिघडवलं. मला पाहून ओशाळल्या. "मला मेलीला दिसत नाही गं, उगाच तिचं मन रमवत होते."

"माई, परत चुका," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"परत चुकीचं ठेवा. मुद्दाम."

त्या दिवसापासून आम्ही दोघी चुकायला लागलो. वासरू वाघाजवळ ठेवायचं. घोड्याला मासा खाऊ घालायचा. हत्तीला घरट्यात बसवायचं. विजू चिडायची, हसायची, आमचे हात ओढायची आणि सांगायची. "हत्ती मोठा. घर तुटेल." कोणी शिकवलं नव्हतं ते वाक्य. तिला आम्हाला काहीतरी सांगायचं होतं, म्हणून ते आलं. उच्चार वेडेवाकडे होते, "स" तर आजही पूर्ण नाही. पण वहीत रेघा कमी झाल्या, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी वही उघडून महिना झाला.

मी माईंची माफी मागितली ती त्याच सुमारास, भांडी घासताना, त्यांच्याकडे न बघता. त्या म्हणाल्या, "मी तरी काय, लोकांना खोटं सांगायला लावत होते तुला." पावसाळा सरल्यावर त्या खजराण्याला पायी गेल्या. मी बरोबर गेले.

थंडीच्या आधी ग्वाल्हेरला जायच्या पेट्या भरल्या गेल्या. हे ट्रंकेत कपडे ठेवत होते. विजू आली, तिने एकेक सदरा उचलून बाहेर ठेवायला सुरुवात केली.

"अगं, हे काय?" हे तिच्याकडे तोंड करून म्हणाले. एव्हाना त्यांनाही ती सवय झाली होती.

"चुकलं," ती म्हणाली. "बाबाचे कपडे इथे. बाबा इथे."

ह्यांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला मुंबईच्या शाळेचा अर्ज मी पाहिला होता. तो ग्वाल्हेरला गेला आणि तिथेच राहिला. तो भरून कधी कोणी पाठवला नाही.

*

काही बायकांना माझं ऐकून वाटतं की सगळं ठीक झालं. तसं नाही. अनोळखी माणसाला तिचं बोलणं चटकन कळत नाही. अंधारात ती गप्प होते, कारण ओठ दिसत नाहीत. ती मागच्या रस्त्यावर गेली आणि सायकलची घंटा माझ्या कानावर आली, की मी हातातलं टाकून दाराकडे धावते. पुठ्ठ्यांनी कान परत येत नाहीत. आणि ज्यांच्या मुलाचे शब्द टिकले नाहीत, त्यांची मेहनत कमी पडली असंही नाही. विजू आजारी पडली तेव्हा तिला बोलायला येत होतं, हे आमचं नशीब.

आता ती सात वर्षांची आहे. घराजवळच्या शाळेत पहिल्या बाकावर बसते. मागच्या आठवड्यात शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, ती नवी मुलगी म्हणते, मी म्हशीसारखी बोलते."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

"म्हैस कशी बोलते?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती.

मी हात धुतले, तिला घेऊन मागच्या गल्लीत दूधवाल्या बद्रीभियाच्या गोठ्याकडे निघाले. त्याला म्हटलं, "भिया, जरा हिला म्हैस बघायची आहे. आवाज करते कधी?"

"दाणा दिखाओ तो अभी बोलेगी, बाईजी," तो म्हणाला आणि टोपली घेऊन आला.

मी विजूचा तळवा म्हशीच्या गळ्यावर ठेवला. टोपली दिसताच म्हशीने मान उचलली आणि लांबलचक हंबरली. विजूचा हात गळ्याबरोबर हलला. तिचे डोळे मोठे झाले. म्हैस थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.

मग तिने तोच हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "माझं नाव विजया आहे."

तिने हात परत म्हशीच्या गळ्यावर नेला, मग आपल्या. पुन्हा एकदा नाव म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, म्हशीचं बोलणं मोठं आहे," ती म्हणाली. "आणि तिला नाव सांगता येत नाही."